बाबांसमोर गाडी ओढून नेली

मित्रांनो, आज सकाळचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

बाबांना डोळे तपासायला ओझरहून नाशिकला नेत होतो. आडगावजवळ दोघांनी बाईक आडवी घातली. फायनान्सवाल्यांची वसुलीची माणसं होती. माझं कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलंय आणि गाडीचे पाच हप्ते थकलेत. हे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"साहेब, काकांना उतरवून घ्या, गाडी जमा करायचीय," त्यातला एकजण हळूच म्हणाला. मी किल्ली दिली.

बाबा काठी टेकत उतरले आणि त्याला म्हणाले, "क्लच जरा कडक आहे, सांभाळून न्या."

रिक्षाने दवाखान्यात पोहोचलो. रांगेत बसल्यावर मी सांगायला लागलो, तर बाबा म्हणाले, "माहितीय मला. महिन्यापूर्वी ही माणसं घरी येऊन गेली. तुझं काम सुटल्याचंही त्यांनीच सांगितलं."

म्हणजे महिनाभर ते रोज संध्याकाळी मला "ड्युटी कशी झाली?" विचारत होते आणि मी "मस्त" म्हणत होतो.

आत्ता ते बाहेरच्या खोलीत बसलेत. मला त्यांच्यासमोर जायचा धीर होत नाहीये. तुम्ही काय बोलला असता?