मिटल्या डोळ्यांची सीताफळं

रविवार, १९ ऑक्टोबर

जूननंतर इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी. कारण थोर नाही. सांगण्याजोगं काही केलंच नव्हतं. आता केलं आहे, पण ते सांगताना अब्रू जाणार आहे.

सुरुवात धाकट्यापासून झाली. ओम पाच वर्षांचा आहे. 'सीताफळ कुठे येतं?' या शाळेतल्या प्रश्नाला त्याने 'फ्रीजमध्ये' असं उत्तर दिलं. बाईंनी चूक दिली. आमच्या घरापुरतं ते बरोबर होतं, आणि मला वाईट वाटलं ते त्याचंच. एरवी मी सोसायटीतल्या आयांना ऋतूप्रमाणे खाण्यावर ऐकवत असते, आणि माझ्या फ्रीजमध्ये बारा महिने मटार असतो. तेव्हा ठरवलं की ओमला आणि आठ वर्षांच्या जुईला झाडावरचं सीताफळ दाखवायचं. माझी कॉलेजातली मैत्रीण विद्या नेकनूरला शिक्षिका आहे. ती म्हणाली, "ये, पण अंघोळ घरून करून ये."

११ तारखेच्या शनिवारी पहाटे पुणे सोडलं. नगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा आणि मग नेकनूर. थांबे धरून साडेसात तास लागले, त्यातले दीड तास ओमच्या उलट्यांचे. गाडी नसेल तर बीडहून नेकनूरला एसटी मिळते. जामखेडपुढे शेतं बदलली. यंदा पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. वीतभर उंचीवर कापूस थांबला होता आणि बाजरी जागेवर वाळली होती. मी मुलांना ऋतुचक्र समजावायला घेतलं. जुई म्हणाली, "आई, इथे ते पंक्चर झालंय का?"

विद्याकडे टँकर एक दिवसाआड येतो. जाणार असाल तर पिण्याचं पाणी सोबत न्या. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि हात धुवायला पाणी मागू नका. मी मागितलं. विद्याने ओला रुमाल दिला.

रविवारी सकाळी तिने आम्हाला जवळच्या गावातल्या डोंगरावर, कांताबाईंकडे पोचवलं. या उतारावरची सीताफळं गावातल्या बायकांच्या सहकारी संस्थेने वाटून घेतली आहेत. प्रत्येकीची झाडं ठरलेली असतात. फळं क्रेटमध्ये भरून संस्थेच्या केंद्रावर जातात आणि तिथे गर काढून गोठवला जातो. कांताबाई माझ्याच वयाच्या, पण माझ्यासारख्या धापा टाकत नव्हत्या. चढता चढता त्यांनी सगळं सांगून टाकलं. दरवर्षी नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात आणि सातवीतली लेक सोबत जाते.

"औंदा मुकादमाला सांगून टाकलं, मी येत न्हाई," त्या म्हणाल्या. "केंद्रावर फळं निवडायचं काम हाय. ह्या हप्त्यात माजी क्रेटं चोख निगाली तर ते मला देनार हायेत. मंग लेकीची शाळा सुटत न्हाई."

"आणि नाही निघाली तर?" जुईने विचारलं. माझी मुलगी असे प्रश्न विचारते.

"मंग मुकादमाची गाडी हायच की."

सहा क्रेटं भरून तयार होती. आणखी रिकामी आणायला त्या खाली गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "तवर फिरा, ताई. म्या आल्यावर दाखविते कसं तोडायचं ते."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. ही नोंद महत्त्वाची आहे.

पण मी वीस वर्षं मंडईत भाजी घेते आहे. हिरवं, घट्ट, ताजं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मुलांना तेच शिकवलं आणि तिघांनी मिळून पंचवीस-तीस गच्च हिरवी फळं तोडली. मग क्रेटांकडे पाहिलं, तर वरच्या फळांच्या भेगा पिवळट पडलेल्या. मला वाटलं, बाईंची जुनी झालेली फळं वर आली आहेत. ती मी बाजूला काढून गवतावर ठेवली आणि आमची ताजी सहाही क्रेटांत मधेमधे, खालपर्यंत बसवली. मदत म्हणून. मुलं तेव्हा सरड्यामागे होती.

कांताबाई आल्या आणि गवताकडे बघत राहिल्या. मग एक हिरवं फळ उचलून ओमच्या हातात दिलं.

"ह्याचं डोळं बग बरं. मिटल्यात का उगडल्यात?"

"मिटलेत."

"मंग हे झोपलंय. झोपलेलं तोडलं की पिकत न्हाई, काळं पडून दगड व्हतंय. डोळं पांगून मदी पिवळं दिसलं की तोडायचं, आन् चार दिस दम धरायचा."

त्यांनी क्रेटं उलटी केली आणि आम्ही चौघं फळ फळ तपासायला बसलो. ऋतूंबद्दल माझ्या सगळ्या व्याख्यानांत मिळून जेवढं शिकवलं नसेल तेवढं मुलं त्या तासात शिकली. ओम प्रत्येक फळाला "जागा आहेस का?" विचारत होता आणि एकदाही चुकला नाही. मी दोनदा चुकले.

शेवटचं क्रेट राहिलं असताना टेम्पो आला, आणि त्यातून संस्थेच्या अध्यक्षबाई उतरल्या. त्यांनी मिटलेल्या फळांचा ढीग पाहिला.

"कांता, हे काय? कोनी घातली ही?"

कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी हसले आणि म्हणाले, "लेकरं आहेत हो. त्यांना काय कळतंय."

"त्यांना न्हाई कळत. पन हिला कळतंय ना? लेकरं क्रेटाजवळ येऊ दिली कावून?"

"चुकलं, बाई," कांताबाई म्हणाल्या.

शेवटचं क्रेट न तपासताच टेम्पोत चढलं. दुपारी कांताबाईंनी आम्हाला बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. मुलांना पिकलेली दोन सीताफळं दिली आणि निघताना मिटलेली सगळी पिशवीत भरून दिली. मी म्हणाले, तुम्ही खरं का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "पाव्हन्याला कसं म्हनावं ते?" मी मान डोलावली, जणू हा रीतीचा विषय होता.

पाटोदा मागे पडल्यावर जुईने विचारलं, "आई, आम्ही क्रेटमध्ये कधी घातली फळं?"

मी तिला चिक्की दिली.

घरी येऊन आज आठवा दिवस. ओमने फळं तांदळाच्या डब्यात ठेवली आणि रोज डोळे तपासले. एकही डोळा उघडला नाही. सगळी काळी पडली. तो आता भाजीवाल्याकडे पेरूचेही डोळे शोधतो. सहल शैक्षणिक झाली असं म्हणायला हरकत नाही.

पण आज संध्याकाळी विद्याचा फोन आला. त्या न तपासलेल्या क्रेटातून केंद्रावर चार मिटलेली निघाली. क्रेटावर नाव कांताबाईंचं. हिचं लक्ष नसतं, पोरं खेळवत बसते, असं ठरत चाललं आहे. निवडायचं काम कुणाला द्यायचं ते मंगळवारच्या बैठकीत ठरेल. मुकादमाची गाडी गुरुवारी निघते.

अध्यक्षबाईंचा नंबर मी विद्याकडून घेतला. "कशाला हवाय?" तिने विचारलं. इथे लिहिलं तेच तिला सांगितलं. मग तिने नंबर सांगितला. जुई शेजारी बसून ऐकत होती. तिनेच तो कागदावर उतरवला.

उद्या: ऑफिसच्या आधी अध्यक्षबाईंना फोन. फळं मी घातली होती.