रोजचं तांब्याभर पाणी

"वहिनी, जरा वाटीभर रांगोळी द्या," म्हणत आमचे मिस्त्री दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, माणूस गंमत करतोय. गाडी दुरुस्त करायला आलेला माणूस फडकं मागेल, फार तर चहा मागेल. रांगोळी कोण मागतं हो?

तुम्हीही पाहिला असेल असा एखादा माणूस, बोलण्यापेक्षा बघतच जास्त बसणारा. गोरेगावात, आरेच्या रस्त्याला लागायच्या आधी, पत्र्याखाली त्यांचं गॅरेज होतं. बाकीचे मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आत रोग सांगायचे. मिस्त्री आपले तेलाचा डबा उपडा घालून गाडीसमोर बसायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "गप्प बसायचं. गाडीच सांगते."

आमची गाडी तेव्हा वीस वर्षांची म्हातारी. आणि ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवा हात लुळा पडला, गाडी चालवणं सुटलं. आठवड्यातून दोनदा माझा दीर त्यांना गाडीतून हॉस्पिटलात न्यायचा. रेडिएटरमधलं पाणी मात्र कुठेतरी जात होतं. रोज सकाळी भरलं तरी सांताक्रूझजवळ एकदा वाफा निघाल्या आणि हे तासभर उन्हात बसून राहिले. गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवलं, तर ते कोरडं ठणठणीत!

मिस्त्रींनी थंड इंजिनावर, नळीच्या प्रत्येक सांध्यावर, माझी रांगोळी चिमटीने भुरभुरली. मग इंजिन चालू करून डब्यावर बसले. पंख्याने निम्मी रांगोळी उडाली ती त्यांच्या मिशीवर. मी गॅलरीत हसून हसून बेजार. अर्ध्या तासाने हाक आली, "वहिनी, सापडलं!" पंपाजवळच्या नळीखाली, पांढऱ्यावर एक राखाडी ओली रेघ उतरली होती. गाडी तापली की तिथून पाणी झिरपायचं आणि खाली पडायच्या आत गरम लोखंडावरच वाळून जायचं. मिस्त्रींनी नळी बदलली. "साहेब, आता थेंब जाणार नाही," म्हणाले.

हे पायरीवर बसले होते. आता हेही सांगायला हवं, की सकाळी तुळशीला पाणी घातलं की तोच तांब्या पुन्हा भरून हे दोन जिने उतरायचे आणि डाव्या हाताने रेडिएटरमध्ये ओतायचे. चाला, चाला म्हणून डॉक्टर ओरडून थकले होते. ह्यांना उठवायचा तो फक्त तो तांब्या.

"मग आता माझं काय काम?" हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण नको, बोलणं नको. त्या संध्याकाळी मिस्त्री सहज डोकावले. "साहेब कुठे?" मी आतल्या खोलीकडे बोट केलं. खाटेशी जाऊन म्हणाले, "साहेब, चुकलो मी. अजून थोडं जातंय. सकाळी बघाल का जरा?"

सकाळी हे उठले. वर आले ते ऐटीतच. "अख्खा तांब्या लागला बघ! तुझे मिस्त्री म्हणजे नुसते मिशीवाले!"

मग रोजच तांब्याभर. महिन्याने मी वैतागले. बिल्डिंगमधल्या चार जणांसमोर मिस्त्रींना सुनावलं, "कसली हो तुमची दुरुस्ती? माझी रांगोळी फुकट घालवलीत!" लोक लांबून लांबून ह्या माणसाकडे गळती शोधायला गाड्या आणायचे. पण त्यांनी मान खाली घातली. "जुनी गाडी आहे वहिनी. थोडं पिणारच."

पुढे एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते. मिस्त्री गाडीपुढे उकिडवे बसलेले. रेडिएटरच्या तळाची तोटी सैल करून डब्यात पाणी काढत होते. मोजून तांब्याभर.

"अहो, हे काय?"

तोटी आवळत म्हणाले, "गप्प बसायचं, वहिनी." आणि ते पाणी फाटकाजवळच्या जास्वंदीला घालून निघून गेले.

मी गप्प बसले. गॅरेजवरून घरी जाताना ते वर्षभर अशी वाट वाकडी करून येत राहिले. हे वर्षभर जिने उतरत राहिले.

मग एका दुपारी ह्यांना दुसरा झटका आला. त्यात हे गेले.

त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही मला. माणसं आली, गेली. कुणीतरी चहा हातात दिला, तो गार झाला. रडू काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत उभी होते, तर मिस्त्री फाटकातून आले, हातात डबा. गाडीपुढे थांबले. वाकले नाहीत. बराच वेळ उभे राहून डबा तसाच घेऊन परत गेले. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. पुढे गॅरेजही बंद झालं, गावी गेले म्हणे. माझी भेट नाही.

सुतकात तुळशीला पाणी घालत नाहीत. पण मिस्त्री डबा घेऊन परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या भरलेला माझ्या हातात होता, तो घेऊन मी जिने उतरले. झाकण काढलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला. तरी मी ओतलं. सगळं पाणी पुढून ओघळून माझ्या पावलांवर आलं. गार होतं, एवढं कळलं.