वाककाकूंचा नमस्कार

आमच्या काकू समोर आलेल्या माणसाला “काय, कसं काय?” असं कधीच विचारत नसत. त्या म्हणत, “वाक बघू.” पाहुणा असो, सासरहून आलेली माहेरवाशीण असो, नाही तर आंबिवलीहून डोक्यावर दुधाची चरवी घेऊन आलेली गवळण असो, पहिला शब्द हाच. घरच्यांना देव्हाऱ्यापुढे उभं करायचं, बाहेरच्यांना ओटीवरूनच देवाच्या दिशेने नमस्कार करायला लावायचा, आणि आपण कडेला उभं राहून त्यांच्या मानेकडे टक लावून बघायचं. “अजून वाक. हनुवटी छातीला लागू दे. हां, लागली. बस आता.” मग गूळपाणी, मग ख्यालीखुशाली. कल्याणात आमच्या आळीत सगळे त्यांना वाककाकूच म्हणायचे, आणि तेही तोंडावर.

त्या माझ्या चुलतसासूबाई. ऐन तरुणपणी नवरा गेलेला, पोटी मूल नाही. दिराच्या घरात सगळ्यांची पोरं न्हाऊमाखू घालण्यात जन्म गेला. मी ठाण्याची. लग्न होऊन इथे आले त्या दिवशी अंगावर जड शालू, नाकात नथ, आणि देवापुढे वाकले तर शेजारून आवाज, “अजून.” वाकले. “अजून गं, हनुवटी टेकव.” नथ ओठात रुतली. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी नमवायचा हा डाव आहे, असंच मला वाटलं. मनात म्हटलं, सासू एक असते म्हणून ऐकलं होतं, इथे तर जोडी आहे! पुढे कितीतरी महिने मी त्यांच्यावर आतल्या आत धुमसत होते.

गंमत म्हणजे त्या स्वतः मात्र कुणाचा नमस्कार घेत नसत. पहिल्या पाडव्याला मी सासूबाईंच्या पाया पडले आणि तशीच काकूंकडे वळले, तर विंचू दिसावा तशा त्या मागे सरल्या. “मला नको गं बाई. मोकळ्या कपाळाच्या बाईला सवाष्णीने नमस्कार करायचा नसतो. देवाला कर, मी बघते.” घरचा दंडक होता खरा, पण सासूबाईंपेक्षा काकूच तो जास्त कडक पाळायच्या. सणासुदीला सगळे एकमेकांना वाकत, आणि काकू आपल्या भिंतीला टेकून माना बघत उभ्या.

आमच्या शेजारी गवताचा एक व्यापारी राहायचा. देह असा की ओटीवर बसला की दुसऱ्याला जागा उरत नसे. त्याची हनुवटी काही केल्या छातीला लागेना. काकू पहिल्यांदा पांढऱ्याफटक पडल्या. मग जवळ जाऊन कपाळाला हात लावला, मान इकडून तिकडून बघितली, आणि म्हणाल्या, “जा बाबा. हा ताप नाही, तूप आहे.” सगळी आळी हसली, तोही हसला. काकू हसल्या नाहीत. आत येऊन पाटावर बसल्या आणि कितीतरी वेळ पदराने तोंड पुसत राहिल्या.

त्यांची ही भीती पोरांना खेळ वाटायची. एकदा शेजारची एक मुलगी मान ताठ करून, डोळे वर लावून अंगणातून चालत गेली आणि “काकू, माझी मान राहिली!” म्हणून ओरडली. काकू हातातलं सूप टाकून धावल्या. तिला धरली, मान वाकवली, ती सरळ वाकली. पोर खिदळायला लागली तशी काकूंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिलाच कुशीत घेऊन हमसून हमसून रडल्या. त्या दिवशी मला कळलं की ह्या बाईच्या पोटात काहीतरी आहे, आणि ते मानपानाचं नाही.

मग एकदा दुपारी तांदूळ निवडत बसलो असताना मी विचारलंच. काकूंनी सूप खाली ठेवलं नाही. बोटं तांदळात चालूच. “कसाऱ्याच्या घाटात रूळ टाकायचं काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. तुझे चुलतसासरे तिथे कारकून. आम्ही झोपडीत राहायचो. एक दिवस जेवायला बसले आणि म्हणाले, ताट जरा वर धर, मला खाली बघता येत नाही. मी हसले गं. म्हटलं, साहेबाच्या हाताखाली राहून साहेब झालात की काय, मान खाली होईना ती! ताट काही उचललं नाही मी.” तिसऱ्या दिवशी काका गेले. मग त्यांच्या शेजारी निजणारा गेला, मग त्याची बायको, मग तिचं मूल. प्रत्येकाचं आधी डोकं दुखे, ताप भडके आणि मान अडकून बसे. “ताट उचललं असतं तरी ते जगले नसते, हे कळतं मला,” काकू म्हणाल्या. “पण उचलायला हवं होतं.”

आता माझा भाचा डॉक्टर आहे. तो सांगतो की मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्याच्या आत एक पातळ आवरण असतं. जंतू शिरून त्याला सूज आली की मान वाकत नाही. काकूंना जंतू ठाऊक नव्हते, आवरण ठाऊक नव्हतं. त्या ह्याला नुसतं ‘मानेचा ताप’ म्हणायच्या. पण जे बघायचं ते बरोबर बघायच्या.

मी त्या दुपारी त्यांच्याशी भांडले होते, खोटं कशाला बोलू? म्हटलं, “काकू, ह्याला औषध नाही म्हणता, मग रोज उठून माना बघून करायचं काय? उगाच जिवाला घोर!” त्या म्हणाल्या, “औषध नाही. पण दार आहे ना. वेळेत लावलं तर एक जातं, बाकीचे राहतात.” मला तेव्हा ते बोलणं इतकं निर्दय वाटलं की मी उठून स्वयंपाकघरात निघून गेले.

त्या वर्षी वैशाखात ऊन मी म्हणत होतं. खाडीवरून गरम वारा सुटायचा आणि धूळ दातांत करकरायची. स्टेशनाकडच्या मजुरांच्या झोपड्यांत माणसं तापाने जाताहेत अशी बातमी आळीत आली. माझी थोरली गोदी पाच वर्षांची, धाकटा बाळ अंगावर पिणारा. दोघांना घेऊन ठाण्याला माहेरी जायचं म्हणून मी बोचकं बांधलं, तर काकूंनी ते सोडलं. “आठ दिवस थांब. इथलं काही तिकडे नेऊ नकोस.” आणि नमस्कार दिवसातून तीनदा सुरू झाले. सकाळी हनुवटी लागली की दुपारपर्यंत माझा जीव भांड्यात, आणि दुपार कलली की पुन्हा छातीत धडधड.

पाचव्या दिवशी सकाळी काकू विहिरीवर होत्या. गोदी उठल्यापासून किरकिरत होती. देव्हाऱ्यापुढे तिने हात जोडले, पण वाकेना. मी म्हटलं, “वाक गं.” ती तशीच उभी. सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “देवापुढेसुद्धा वाकत नाही बघ. आईचं वळण, दुसरं काय!” माझ्या अंगाची लाही लाही झाली. रोज माना बघत होते मी, रोज मनात धास्ती बाळगत होते, आणि त्या एका टोमण्याने सगळं विसरले. गोदीच्या मानेवर हात ठेवला आणि जोर लावून खाली दाबली.

पोर अशी किंचाळली की ती किंकाळी आजही मला ऐकू येते. मान लाकडासारखी, तसूभरही हलली नाही. तिचे गुडघेच दुमडले आणि ती खाली बसली. तेव्हा कुठे माझ्या हाताला तिचं अंग भाजलं. काकू ओलेत्याने धावत आल्या. मला वाटलं, आता मला जोड्याने मारतील, मारायलाच हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “हात काढ, सूनबाई.” मग गोदीला उचललं. “तान्हं तुझं, गोदी माझी. दुसरं बोलू नकोस.”

मागच्या अंगणात गवत ठेवायची खोली होती. काकू गोदीला घेऊन आत गेल्या आणि कडी लावून घेतली. मी दारावर डोकं आपटलं. “काकू, आई आहे मी तिची!”

“म्हणूनच. उद्या तुझी मान राहिली तर बाळाला पाजणार कोण? मी?”

मी पायरीवर बसून राहिले आणि घरात बाळ रडायला लागला तेव्हा उठले. गोदी आत “आई, आई” करत होती. असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

आमचं ठरलं ते असं. मी पेज आणि पाणी उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि लांब जायचं. पोर जिवंत असेल तर काकूंनी सकाळ-संध्याकाळ तांब्यावर पळी वाजवायची. त्या पळीसाठी मी जगत होते. एका सकाळी ऊन अंगणात आलं तरी पळी वाजेना. चुलीवर भात करपला, मी तशीच उभी. सासूबाईंनी पहिल्यांदाच माझा हात धरला. मग वाजली. काकूंचा डोळा लागला होता, इतकंच.

सासूबाईंनी दिवा गावाकडचा एक भगत बोलावला. त्याने अंगणात लिंबू कापलं आणि आत जायला निघाला. आतून काकू म्हणाल्या, “या बुवा, खुशाल या. आधी वाका बघू.” तेवढ्यात गोदी कण्हली. बुवांनी लिंबाच्या फोडी उंबऱ्यावरच ठेवल्या आणि वाट धरली. आमचे हे ठाण्याच्या कचेरीत नोकरीला होते, ते एक डॉक्टर घेऊन आले. डॉक्टर आत जाऊन आले, बराच वेळ हात धूत राहिले, आणि म्हणाले, “खोलीत अंधार ठेवलाय, डोक्यावर गार पट्ट्या आहेत, कुणाला आत घेत नाहीत. बाई सगळं बरोबर करताहेत. माझ्यापाशी याहून जास्त काही नाही.”

दहाव्या की अकराव्या दिवशी, पळीची वेळ नसताना काकूंचा आवाज आला, “सूनबाई, वाचली गं गोदी! पेज मागतेय!” मी अंगणातच फतकल मारून रडले. जरा वेळाने आतून पुन्हा आवाज आला, ह्या वेळी हळू. “पण पळी वाजवली तर वळत नाही गं. कानाशी वाजवली तरी नाही.”

गोदीला पुढे कधी ऐकू आलं नाही. पण ती जगली, तिने संसार केला, आणि आज माझ्या घरातल्या पोरांना रोज सकाळी वाकायला लावते ती तीच. पोरं हसतात. हसू देत.

आणखी काही दिवस काकूंनी तिला आतच ठेवली. मग कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, जुने कपडे जाळले आणि दार उघडून तिला एकटीला बाहेर पाठवली. कातरलेले केस, काड्यांसारखे पाय. दाराआडून काकूंनी हाताने खूण केली, तशी गोदी अंगणात उभी राहून वाकली. हनुवटी छातीला लागली. मी तिला उचलून मागे बघते तर दार पुन्हा बंद.

“काकू, तुम्ही नाही येत?”

“दोन दिवसांनी येते. पडते जरा. डोकं भणभणतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेजेचं ताट ठेवून लांब गेले. दार उघडलं, ताट आत गेलं, दार लागलं. मला राहवेना. मी खिडकीशी गेले. काकू भिंतीला टेकून ताठ बसल्या होत्या, ताट मांडीवर. त्यांनी ताटाकडे बघायचा प्रयत्न केला. मग दोन्ही हातांनी ताट उचललं आणि आपल्या तोंडासमोर धरलं. पेज कडेने सांडत होती.

“काकू, दार उघडा. मी धरते ताट.”

“खबरदार पाऊल टाकशील तर!” आवाज तसाच करडा. मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं. “गोदी जेवली?”

“जेवली.”

“बरं झालं.”

मी खिडकीपासून चार पावलं मागे आले, हात जोडले आणि वाकले. देवाला नाही, त्यांना. कपाळाला माझ्या कुंकू होतं, आणि घरचा दंडक मला चांगला ठाऊक होता. “मला नको गं” ऐकायला मिळणार म्हणून मी अर्ध्यात थांबले. काकू तसं म्हणाल्या नाहीत. गजांच्या आडून त्या माझ्या मानेकडे बघत होत्या.

“अजून वाक,” त्या म्हणाल्या. “हनुवटी लागू दे.”

मी वाकले.

“हां, लागली. जा आता, बाळ रडतोय.”