आमची रडकी

सर्जापूर रोडच्या सिग्नलला बसचे ब्रेक किंचाळले, सगळ्यांनी कान झाकले आणि मला रडकी आठवली.

रडकी म्हणजे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप. ब्रेक लावला की ती गळा काढायची, म्हणून जवानांनीच तिला हे नाव दिलं होतं.

एकदा नंदीबेट्टाचा घाट उतरताना मी खुशीत म्हणाले, "अण्णा, आज रडकी रडतच नाही!"

अण्णांच्या पायाखाली ब्रेक पार तळाला टेकत होता. नुसता वारा ऐकू येत होता आणि वळणं अंगावर धावून येत होती.

"खाली बस, घट्ट धर!" म्हणत त्यांनी जीप डोंगराला घासली. पत्रा फाटत फाटत आम्ही थांबलो.

अजूनही ब्रेक किंचाळले की माझा जीव भांड्यात पडतो.