निळ्यावर थांबलेली ढाल

चहा ओतण्याआधी मामा रोज पेल्याला नखाने टिचकी मारायचा आणि कान जवळ नेऊन ऐकायचा. नाद स्वच्छ आला की पेल्यालाच म्हणायचा, "बरा आहेस." तडा गेलेली वस्तू डोळ्यांना फसवते, कानाला नाही, असं त्याचं म्हणणं. कारखान्यात तो पोलाद तापवून कडक करायच्या भट्टीवर होता. घरीही त्याचं बोलणं तेच. मामी त्याला कंटाळली. "या घरात माणसांपेक्षा लोखंडाची विचारपूस जास्त," असं म्हणून ती बहिणीकडे राहायला गेली.

एक जादूचा खेळ मी कॉलेजातून आणला होता. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, सूत्रधार गोष्ट सांगत जाणार, संकट आलं की मंत्र म्हणायचा आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. मामाने मंत्रांची यादी वाचली आणि नाक मुरडलं. "बर्फाच्या मंत्राने लोखंडी दार थिजतं म्हणे. लोखंडाला विचारलंय का कुणी?" त्या दिवसापासून सूत्रधार तोच. नियम एकच. मंत्र तुमचा, पण लोखंड वागेल लोखंडासारखं.

मामी त्या खेळापुरती रविवारी दुपारी यायची. तिचं पात्र होतं किल्ल्याची पहारेकरीण, हातात पोलादी ढाल. पात्र मेलं की माणूस खेळाबाहेर, हेही तिघांनी मिळून ठरवलेलं. म्हणून पहारेकरीण जिवंत होती तोवर मामीला या घरी यायला निमित्त होतं. हे आम्ही कधी बोललो नाही.

त्या रविवारी हातात घण घेतलेल्या आगीच्या राक्षसाने ढालीवर फुंकर मारली. ढाल लालभडक झाली.

"हात भाजतायत तुझे," मामा मामीला म्हणाला.

मी घाईने ओरडले, "मी मंत्र म्हणते! ढालीला पाणी देते, थंडगार!"

मामाचा हात फाशावरच थांबला. "पाणी दिलंस?"

त्याच्या भट्टीवर 'पाणी देणं' म्हणजे लाल पोलाद थंड पाण्यात बुडवणं. पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"चांगलंच पाणी पाजलंस गं मला, भाचेबाई," मामी हसली. तिचं हसू लगेच विरलं. "घण बसला की फुटणार ना?"

"फुटणार."

"मामा, एवढ्या वेळी सोड ना," मी म्हणाले.

"मी सोडेन गं. पोलाद कसं सोडेल?" कोरडा फासा तो रुमालाने पुसत राहिला. "राक्षस श्वास भरतोय. तेवढ्यात हिची एक खेळी."

मामी खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, "मी ढाल वाळूने घासते. लख्ख. नाहीतर तापताना चढणारे रंग दिसणार नाहीत."

मामाने मान वर केली.

"मग राक्षसाच्या तोंडाच्या भट्टीजवळ धरते. आत नाही, जवळ. हळूहळू तापू देते, म्हणजे ठिसूळपणा जाईल."

"कुठल्या रंगावर थांबशील?" त्याने विचारलं. सूत्रधार म्हणून त्याला उत्तर सांगता येत नव्हतं, आणि चुकलेलं उत्तर त्याने चालवून घेतलं नसतं. हे मामीलाही माहीत होतं. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. त्या दाराची स्प्रिंग मामाने स्वतः केलेली.

"आधी वाळल्या गवतासारखा पिवळा येईल," ती म्हणाली. "तिथे नाही थांबत. मग तपकिरी. मग जांभळा."

मी टेबलाची कड घट्ट धरली.

"जांभळा सरला की निळा. निळ्यावर थांबते."

"पिवळ्यावर का नाही?"

"पिवळा सुरीला. मार खायचा असेल तर निळा. ती स्प्रिंग करताना तुम्हीच सांगत होतात. तुमच्या त्या रंगांपायी माझं दूध उतू गेलं होतं."

मामाने फासा खाली ठेवला. त्याला वाटायचं, इतकी वर्षं आपण भिंतीशी बोललो.

"घण पडला," तो सावकाश म्हणाला. "ढाल वाकली. फुटली नाही."

"फासा टाकू?" मामीने विचारलं. चष्मा विसरल्यामुळे मघापासून ती सहाला नऊ म्हणत होती.

"नको. याला फासा लागत नाही."

त्या दिवशी खेळ पुढे सरकलाच नाही. मामाने तीन पेले काढले, तिन्हींना टिचकी मारली. मामी चहा संपेपर्यंत बसली, मग चपला घालू लागली. राहा, असं तो म्हणाला नाही. दारापर्यंत गेला, तिची पिशवी तिच्या हातात दिली.

"रविवारी येताना चष्मा आण," तो म्हणाला.