पेन्शनचे रुपये कुणी आणले

मैत्रिणींनो, बोर्डिंगमध्ये जेवणाआधी सिस्टर आपल्याला अन्न पिकवणाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणायला लावत आणि आमटीच्या वासाने आपण ती भराभर उरकत असू. आठवतं ना? आज आपल्या या फिरत्या वहीत लिहायला बसले आहे ती मात्र किळसेने.

सकाळी जामखेडच्या कचेरीत पेन्शन घ्यायला गेले होते. माझ्यापुढे एक निवृत्त रावसाहेब होते. कारकून म्हणाला, "बसा. तिजोरीत रोकड नाही. गावांचा शेतसारा आला की देतो."

दुपारी एका गावची वेस राखणारा वेसकर साऱ्याची थैली खांद्यावर घेऊन पाच कोस चालत आला. अस्पृश्य म्हणून तो पायरीखालीच थांबला. त्याने प्यायला पाणी मागितलं. कुणी दिलं नाही.

थैली मात्र लगेच आत गेली. त्याच रुपयांतून रावसाहेबांचं पेन्शन निघालं, तेव्हा त्यांनी विटाळ जावा म्हणून कचेरीच्या माठातलं पाणी घेऊन एकेका रुपयावर शिंपडलं.

वेसकर म्हणाला, "जपून, रावसायेब. राजाचं त्वांड भिजतंय."

"गप रे!" रावसाहेब खेकसले.

मीही माझे रुपये घेतले आणि गुपचूप निघाले. त्याला पाणी द्यायचं सुचलं ते घरी पोचल्यावर. तेव्हापासून रावसाहेबांइतकीच माझी मला किळस येते आहे.

उद्यापासून कचेरीच्या पायरीशी मी माठ आणि एकच पितळी पेला ठेवणार आहे. मार्था, आपल्यातली तू एकटीच इथे जामखेडात आहेस, तर मी नसेन तेव्हा पाणी तू द्यायचं. पहिला पेला सारा आणणाऱ्याला. मग कारकुनाला. रावसाहेबांना तहान लागली, तर त्यांनाही, त्याच पेल्यातून.