शेवटून पहिला

मोठ्या सायकल शर्यतीचा तो शेवटचा दिवस होता. केनवडच्या फाट्यावर गाड्या अडवायला मी लाल झेंडी घेऊन उभी होते. पुढचे सायकलस्वार भुर्रकन गेले, तशी गर्दीही पांगली. बऱ्याच वेळानं मागे राहिलेला एक सायकलस्वार एकटाच आला. गुडघ्याला पट्टी होती आणि मागे थकलेल्यांना उचलणारी गाडी. त्यानं थांबून पाणी मागितलं, अर्धं प्यायला, अर्धं मानेवर ओतलं.

"बसून जा ना भाऊ गाडीत. कायले जीव काढून राह्यले?" मी म्हटलं.

त्यानं झाकण नीट लावून बाटली परत दिली.

"ताई, आम्ही सहा जण होतो. कोणी पडलं, कोणी आजारी झालं, पाचही घरी गेले. जेवायला अजून सहा खुर्च्या मांडतात, मी एकटाच बसतो. आज गाडीत बसलो तर आमच्या संघाचं नावच राहणार नाही."

वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत मी झेंडी खाली केली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात निकाल आला. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. पण यादीत सगळ्यात खाली एक नाव होतं, आणि त्या संघाचं दुसरं नाव कुठंच नव्हतं. मी ते मोठ्यानं वाचलं. घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी पुन्हा एकदा वाचलं.